पाणी सुटू दे

ऑगस्टमध्ये आमच्या गावात कोणी कोणाला
झुकिनी हवी का म्हणून विचारत नसे.
टपालपेटीत सापडायची,
गाडीच्या मागच्या सीटवर सापडायची,
एकदा तर क्लेमाँस सीरने नोएलाच्या बाबागाडीत
पोरीशेजारी निजवून ठेवली होती, टोपडं घालून.

आईने पाच बिया लावल्या, पाचही रुजल्या.
दोन वेल पुरले असते, असं ती जूनपासून म्हणत होती.
पण उपटवेना.

त्या वर्षी कागदाची गिरणी आठवड्याला तीन दिवस चालली,
मग दोन,
मग फाटकाला कुलूप. आणि मेन राज्याच्या त्या टोकाला
गिरणी सोडून होतं काय? बटाटे, नदी,
आणि नदीवरून येणारा उकडल्या कोबीसारखा वास,
ज्याला सगळे पगाराचा वास म्हणायचे.
तो गेला तेव्हा घरात पहिल्यांदा
टोमॅटोच्या पानांचा वास आला.

झुकिनी आधी ताटात कडेला असायची.
मधोमध मांस, शेजारी बटाटा,
आणि कोपऱ्यात कांद्यावर परतलेल्या चार हिरव्या चकत्या,
ज्या लुसियाँ बटाट्याखाली दडवायचा.
जुलैअखेर मांस पातळ झालं.
मग बुधवारी नाहीसं झालं, मग सोमवारीही.
झुकिनी सरकत सरकत मध्ये आली,
जशी एखादी लांबची मावशी
आधी दाराशी टेकते, मग खुर्चीवर,
मग एक खोलीच तिची होते.
आम्ही कोणी काही बोललो नाही.

बाबा मागच्या पायरीवर बसून राहायचा.
हात गुडघ्यांवर पालथे,
कोणीतरी ठेवायला दिलेले
आणि परत न्यायला विसरलेले.

मग ती सापडली. पानांखाली, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली,
लुसियाँच्या मांडीएवढी.
मासे तोलायच्या काट्यावर सात पौंड भरली.
आईने मधला बियांचा गर चमच्याने खरवडला,
उरलेली किसली, मीठ चोळलं,
आणि वीजबिलाच्या पाकिटामागे लिहिलं:
अंडं एक. कांदा अर्धा.
शिळ्या पावाचा चुरा, मूठभर. मार्जरीन.
बेरीज डॉलरपर्यंत पोचलीच नाही.
तिने खाली दोन रेघा मारल्या.

मी पावाचा चुरा घालायला गेले. "थांब," आई म्हणाली,
"पाणी सुटू दे. घाई केलीस तर लगदा होईल."

लगदा म्हटल्यावर बाबाने मान वळवली.
आत आला. हात धुतले कोपरापर्यंत,
पाळी संपल्यावर धुवायचा तसे.
कीस फडक्यात घेतला, चारी टोकं जुळवली, पिळला.
हिरवट पाणी आलं. पुन्हा पिळला.
आम्हाला वाटलं, संपलं.
तो म्हणाला, अजून आहे,
आणि खरंच अजून होतं.
"कागद म्हणजे तरी काय," तो म्हणाला,
"लगद्यातून पाणी काढायचं.
एकोणीस वर्षं मी तेवढंच केलं."
उन्हाळ्यातलं त्याचं सर्वात लांब बोलणं.

बिडाच्या तव्यावर त्याने ते पातळ पसरलं,
उलथन्याने कडा सरळ केल्या.
गोल तव्यात चौकोनी थर. आईने पाहिलं,
आणि गॅस थोडा कमी केला.
कडा तांबूस झाल्यावर उलटलं, मग एक तुकडा
दिव्यासमोर धरला, डोळे बारीक करून.
"इथे विरळ आहे," म्हणाला.
"हा माल परत आला असता."
तो माल लुसियाँने उभ्याउभ्या खाल्ला,
बोटं भाजत.

गिरणी पुन्हा उघडली नाही, तेही सांगायला हवं.
हिवाळ्यात बाबा शाळेच्या फरशा पुसायला लागला,
आणि त्याबद्दल घरात कधी कोणी बोललं नाही.
पण त्या ऑगस्टात रोज साडेपाचला
ओट्याशी त्याची पाठ दिसायची,
आणि दोरीवर एक हिरवं पडलेलं फडकं.

महिनाअखेर क्लेमाँस कुंपणावरून म्हणाली,
तुमच्याकडून एकही आली नाही हल्ली.
वेल मेले की काय?

"नाही," आई म्हणाली,
"पाच पुरत नाहीत."